धर्मादादाची साथ

ऑपरेशन करून पोटात पट्टा बसवून घेतल्याचं जितेंद्रने गिरीज गावात कोणालाच सांगितलं नाही. सव्वाशे किलोच्या माणसाला तोंड आवरेना म्हणून त्याने जठरच आवळून घेतलं, हे कळलं असतं तर गाव वर्षभर हसलं असतं. बायकोला, लतिकाला, त्याने शपथ घातली आणि विचारणाऱ्यांसाठी एकच उत्तर तयार ठेवलं, "रोज चालतो."

चालत तो खरंच होता, डॉक्टरांनी तसं बजावलंच होतं. पण वर्षभरात चाळीस किलो गेले, गाल बसले, गळ्याची कातडी लोंबू लागली. लग्नाच्या पंगतीत तो चार घास अर्धा तास चघळत बसे. चालून कोणी असं होत नाही, एवढं गावाला कळतं. गावाने त्याला तो आजार लावून टाकला, ज्याचं नाव कोणी मोठ्याने घेत नाही.

आणि जाणाऱ्याला आवडीचं खाऊ घालायचं ही तर रीतच. एका रविवारी कुंपणापलीकडचा चुलतभाऊ धर्मादादा तळलेली कोळंबी घेऊन दारात उभा राहिला. विहिरीच्या पंपाच्या पाळीवरून झालेल्या भांडणापासून त्याने अकरा वर्षं जितेंद्रचं तोंड बघितलं नव्हतं.

"खा जितू. लहानपनी माझ्या ताटातली पन पळवायचास."

त्याचे डोळे भरले होते. नाही म्हणावं तर भाऊ आल्या पावली परत जाणार. जितेंद्रने भराभर कोळंबी गिळली, ती पट्ट्यावर अडली, आणि तो तोंड दाबून मोरीकडे धावला. तो बाहेर आला तेव्हा धर्मादादा स्वयंपाकघरात लतिकाजवळ डोळे पुसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो फाटकात हजर. "एकट्यानं चालू नको. मी हाय."

रोज दोघं केळीच्या वाड्यांमधून आगाशीच्या रस्त्याला लागत. दादा रस्त्यातल्या दर मोरीच्या कठड्यावर टेकायचा, टपरीवर चहासुद्धा नको म्हणायचा, पण बोलायचा अकरा वर्षांचं. जितेंद्रला इतकं सुख कितीतरी वर्षांत मिळालं नव्हतं, आणि त्याची लाजही वाटत होती. मरणाऱ्यासाठी आलेला भाऊ खादाडासाठी थांबेल का?

चार महिने त्याने कसेबसे रेटले. मग वजन स्थिरावलं, तोंडावर तुकतुकी आली, चाल इतकी वाढली की दादा मागे पडू लागला. एका सकाळी मोरीच्या कठड्यावर बसून जितेंद्रने पट्ट्याचं सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक हाय," धर्मादादा म्हणाला. "कोळंबीच्या दिवशीच लतिकानं सांगितलं."

"मग रोज येतोस कशाला?"

"घरी कोनाला सांगितलं नाय मी. सुकत चाललोय, तर म्हनतात, भावाच्या काळजीनं सुकला." त्याने सदऱ्याची घडी मुठीत धरून दाखवली. "तुझं वजन डॉक्टरनं उतरवलं. माझं आपलं आपनच उतरतंय."

त्या सदऱ्यात आणखी एक धर्मादादा मावला असता. चार महिने जितेंद्रने फक्त स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याची भोकं मोजली होती. त्याला रडू आवरेना.

"घरी बोलू नको," दादा म्हणाला. "आनि उद्यापासून जरा हळू चाल."

दुसऱ्या दिवसापासून जितेंद्र पाय ओढत चालू लागला, दर मोरीवर आधी तोच टेकू लागला. टपरीवरच्या माणसांनी ते बघितलं आणि माना हलवल्या.

"जितूचं आता काय खरं नाय," ते म्हणाले. "धर्मा हाय म्हनून तग धरलाय."