भावकीला कळता कामा नये

गोपनीयता हा माणसाचा मूलभूत हक्क असून तो प्रामुख्याने भावकीविरुद्ध बजावायचा असतो. उरलेल्या जगाला माहिती अर्जात भरून द्यायची असते, खाली सही करून.

कासुर्डीचे भिमाजी या हक्काचे कडवे पुरस्कर्ते. त्यांच्या अनुपमाला कारेगावच्या सत्यजीतचं स्थळ आलं. मुलगा कंपनीत पर्मनंट (या भागात हा एक शब्द पत्रिकेतल्या छत्तीस गुणांना भारी पडतो), आणि मुख्य म्हणजे पोरीला मनापासून आवडलेला. होकार तेवढा मुलाच्या वडिलांचा, गेणबांचा, यायचा राहिला होता. अशा नाजूक वेळी भावकीला वास लागला की मोडता पडलाच समजा. त्यातही चुलतपुतण्या पप्पू! त्याचा यवतला मंडपाचा धंदा, आणि तोंड धंद्यातल्या भोंग्याएवढं.

सबब, बघण्याच्या कार्यक्रमाला पुढील दक्षता घेण्यात आली. पाहुण्यांची गाडी गावातून न आणता कालव्याच्या चारीकडेच्या आडरस्त्यानं आणली. पोह्यांची फोडणी दारं-खिडक्या लावून दिली. ठसक्यानं पाहुणे अर्धमेले झाले. शेजारच्या शेवंताबाईंनी कुंपणावरून "कोण आलंय गं?" विचारताच भिमाजींच्या कस्तुराबाईंनी "मोटरीचा मेकॅनिक" असं ठोकून दिलं. (मेकॅनिक एकूण सहा होते. पैकी दोन नऊवारीत.)

दुसऱ्या दिवशी भिमाजी पाटसला गेले. चौकात तंबू ठोकलेला: फॉर्म भरा, कुकर जिंका, फुकट. फुकट हा शब्द कानावर पडला की डोक्यातला शंका घेणारा भाग जेवायला जातो, असं तज्ज्ञ सांगतात. (तज्ज्ञ रांगेत पुढेच उभे होते.) अर्जात नाव, जन्मतारीख, आधार नंबर, जमीन किती, घरात लग्नाचं कोण, असं सगळं आपुलकीनं विचारलं होतं. सख्ख्या भावाला विहिरीचं पाणी चार हात कमी सांगणारे भिमाजी इथं मात्र पाघळले. सुवाच्य अक्षरात लिहिलं, "मुलगी अनुपमा. कारेगावचं स्थळ. वैशाखात बार." ओळखीच्याचा नंबर दिल्यास सोडतीत एक चिठ्ठी जादा होती. तिथं गेणबांचा दिला.

चार दिवसांत गेणबांना एकतीस फोन आले. घोडा, बेंजो, आचारी, हळदीचे फोटो, आणि होणाऱ्या नातवाचा विमा. बत्तिसावा फोन गेणबांनी स्वतः लावला.

"पाव्हणं, आमचा होकार अजून घरात हाय, आन् तुमचा बेंजो आमच्या दारात? येवढी घाई कशापायी? पोरीत काय खोट हाय व्हय?"

भिमाजी काही सांगेपर्यंत फोन बंद. स्थळ मोडलं. भावकीचा यात काडीचाही हात नव्हता, हे नमूद करणं न्यायाचं होईल. भावकीचा फोन संध्याकाळी आला.

"चुलते," पप्पू म्हणाला, "आमाला सांगितलं न्हाई, ऱ्हाऊ द्या. म्या लग्नघरांची यादी इकत घेतली, तिच्यात पैलं नाव तुमचंच. मंडप केवढा टाकू?"

अनुपमाच्या फार जिवाला लागलं. "आप्पा," ती म्हणाली, "माझं नाव लिहिताना मला एकदा इचारायचं तरी." भिमाजींची मान खाली गेली. खरंच वाईट वाटलं त्यांना. आता शपथच घ्यावी, अशा विचारात असताना फोन वाजला. मेसेज होता: "अभिनंदन! आपणास कुकर लागला आहे. खात्रीसाठी मुलीची जन्मवेळ व आईचं माहेरचं आडनाव कळवा."

भिमाजींनी चष्मा पुसला. "अगं ए, अनूचा जन्म किती वाजताचा?"

कस्तुराबाईंनी आधी दार लावून घेतलं. "हळू बोला की," त्या म्हणाल्या, "भावकी ऐकंल."

वाचक सुज्ञ आहेत, ते असं कधीच करणार नाहीत. फक्त कुकर किती लिटरचा होता हे वर सांगायचं राहिलं आहे, असं ज्यांच्या ध्यानात आलं, त्यांची नावं यादीत घेण्यात आली आहेत.