लग्नाच्या तंगड्या आणि ब्लू हेरॉन

मुलीचं लग्न कसं करावं, हे माझ्याकडून शिकावं. लग्न मेम्फिसला, पण पंगतीचं सामान मी थेट केंटकीहून नेत होतो: धुरी देऊन वर्षभर टांगून मुरवलेल्या डुकराच्या चाळीस तंगड्या. त्याही नदीवरच्या सर्वांत वेगवान आगबोटीनं, 'ब्लू हेरॉन'नं.

ती सर्वांत वेगवान आहे, हे फक्त माझे होणारे व्याही प्रुइट मानत नव्हते. ते वऱ्हाड घेऊन 'सेंट ॲग्नेस'मधून निघाले होते. लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांची बोट आमच्या शेजारी आली. प्रुइट कठड्याला रेलून उभे.

"काय व्याही, नांगर उचलायचा राहिलाय का?"

मी कॅप्टन हॉब्जकडे पाहिलं. "ऐकलंत?"

"ऐकलं. पण मला लाकडं घ्यायला काठाला लागायचंय."

"ते थांबताहेत का? मग आपणच का?"

उतारूंनी माझीच री ओढली. लाकडाची वखार मागे पडली.

मेम्फिसचं टेकाड दिसू लागलं आणि आमची चाकं दमेकऱ्यासारखी धापा टाकू लागली. लाकडं संपली होती. जेवणघरातली बाकं भट्टीत गेली, मग टेबलं. तरी सेंट ॲग्नेसचं नाक आमच्या खांद्याशी.

"काहीतरी चरबीचं टाका," मी म्हणालो. शर्यतीत सगळेच टाकतात.

"खाली आहे," खलाशांचा मुकादम डोलन म्हणाला. "पण उतारूचा माल आहे, साहेब."

"असू दे. धक्क्यावर त्याची समजूत घालू. उतारू समजूतदार असतात."

"बघा हं. तुम्ही म्हणताय म्हणून."

चिमणीतून ज्वाळा निघाल्या. बोट अशी उसळली की माझी टोपी नदीत गेली. आम्ही जिंकलो. धक्क्यावर माझी लेक लव्हिनिया हात हलवत होती.

"डोलन, माझ्या तंगड्या उतरवा."

डोलन माझ्याकडे बघतच राहिला. "त्या तुमच्या होत्या?"

लव्हिनिया वर आली, तिनं हवा हुंगली, मग भट्टीकडे पाहिलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "एक तरी ठेवलीत ना?"

तोवर सेंट ॲग्नेस धक्क्याला लागली. प्रुइट अख्खं वऱ्हाड घेऊन आले आणि त्यांनी मला मिठी मारली.

"हरलो बुवा. पण व्याही, काय घमघमाट सुटला होता तुमच्या बोटीवरून. आमच्यातला एकही जण जेवला नाही. म्हटलं, पोटात जागा ठेवू. पंगत केव्हा बसायची?"

समजूत कशी घालावी, हे मात्र मला कुणीतरी शिकवा.