दस्तगीरचाचांचे सरकारजमा दात

आमच्या गल्लीत भल्या सकाळी कुणाच्या छपरावर माणूस चढलेला दिसला, तरी चोर चोर म्हणून कुणी ओरडत नसे. ते दस्तगीरचाचा असत, आणि दात शोधत असत.

त्याचं असं होतं. रयतेचे दात फुकट काढायला महाराजांच्या दरबारानं चाचांना नेमलं होतं. मेहनताना सरकारातून, पण दर दातामागे, आणि काढलेला दात कचेरीत हजर केला तरच. मी त्या कचेरीत कारकून. दात जमा करून घेऊन पावती द्यायची, हे माझं काम. सासुरवाडीला ते मला अजून नीट सांगता आलेलं नाही.

वाटेत कुणीही भेटलं, की चाचांचं आधी "आ करा, पावणं!" आणि मग रामराम. एका लग्नात त्यांनी ऐन मुहूर्ताला नवरदेवालाच आ करायला लावला होता.

अडचण एकच होती. पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकायचा, हा आमच्याकडचा रिवाज. पोरांचं सोडा, तालमीतले पैलवानसुद्धा चाचांकडून दात मागून घेत आणि वर भिरकावत. चाचांना नाही म्हणता येत नसे. मग शिडी लावायची!

एका श्रावणात कौलं इतकी निसरडी झाली, की चाचांना चढताच येईना. महिनाभर एकही दात जमा नाही. आमच्या साहेबांनी बजावलं, "महिनाअखेर दात आला नाही तर चाचांची नेमणूक रद्द, आणि तुझीही."

अखेरच्या दिवशी सकाळी चाचांनी माझ्या शेजारच्या गंगूआत्यांचा दात काढला. पुढचा, आणि तोंडातला शेवटचा. मी खूश झालो. पण आत्यांनी तो पदराला बांधला.

"न्हाय देणार. मालक गेल्यापास्नं ह्यो एकच माझ्यासंगं हुता. जाताना न्हेणार."

"आत्या, माझी नोकरी जाती की!" मी म्हणालो.

आत्या रडायला लागल्या. चाचांनी चिमटा पुसला. "ऱ्हाऊ द्या. तुमचाच हाय त्यो."

मला भयंकर राग आला. असल्या भिडस्त माणसानं दुसऱ्याच्या तोंडात हात घालूच नये.

दुपारी चाचा कचेरीत आले आणि त्यांनी माझ्यापुढे एक दाढ ठेवली. चांगली टपोरी दाढ.

"कुणाची?" साहेबांनी विचारलं. "एखाद्या म्हातारीची?"

एरवी कचेरी दणाणून सोडणाऱ्या चाचांनी नुसती मान डोलावली. गालावर उपरणं घट्ट दाबलेलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

साहेबांनी आणखी काही विचारायच्या आत मी पावतीवर शिक्का मारला.