ओळख आधी, गोष्ट मंग

मधुकरभाऊंच्या घराचं दार वाजवलं की आतून आवाज यायचा, "कोन?" यात नवल काही नाही. पण "मी नरेश" असं सांगितलं तरी दार उघडायचं नाही.

"हे त कोनीबी म्हनन. परवा माह्या घरी काय विसरला होता?"

"छत्री."

"कोन्या रंगाची?"

मी भर पावसात उभा राहून रंग सांगायचो. मग सुमनवहिनींना राहवायचं नाही. "अवो, घ्या न त्याइले अंदर. छत्री इथंच पडून हाय, म्हनून त भिजून राहिले थे."

"ओळख आधी, गोष्ट मंग," असं म्हणत भाऊ कडी काढायचे. स्वतःला त्यांनी कधी सूट दिली असं मात्र नाही. संध्याकाळी घरी आले की आपल्याच दारात उभं राहून "मी, मधुकर" असं मोठ्यानं सांगायचे. वहिनी मुद्दाम थोडा वेळ लावायच्या.

मोहाडीच्या आमच्या विणकर संस्थेत मी विक्री पाहतो आणि भाऊ कॉम्प्युटर. मागच्या खोलीत आमचा सर्व्हर आहे आणि गावोगावचे विणकर आपल्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, पातळांच्या नक्ष्या मोबाइलवरून त्याला पाठवतात. भाऊ मूळचे कोष्ट्याच्या घरातले, हातमागावर वाढलेले. नक्षी चोरीला जाणं म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावायची गरज नव्हती. "रस्त्यात कोनी पाह्यली न, त उद्या मशीनवर तेच पातळ निघन," असं ते विणकरांना सांगत. "म्हनून गुंडाळून धाडाची. उघडाची किल्ली फकत आपल्याजवळ."

पण नुसतं गुंडाळून त्यांचं समाधान होईना. पाठवणारा खरा कशावरून? म्हणून त्यांनी प्रत्येक विणकराच्या आणि संस्थेतल्या आम्हा सगळ्यांच्या मोबाइलमध्ये एकेक सर्टिफिकेट घातलं. सर्टिफिकेट म्हणजे ओळखपत्रच, फक्त ते माणसाऐवजी मोबाइल दाखवतो आणि सर्व्हर पाहतो. त्यावर सही करण्याची किल्ली एका पेन ड्राइव्हमध्ये होती, आणि तो पेन ड्राइव्ह भाऊंनी कमरेच्या करदोड्याला बांधला होता. सही करायची म्हणजे चारचौघांत शर्ट वर करून, पोट आत ओढून, कॉम्प्युटरला चिकटून उभं राहावं लागे. बायामाणसं तोंडाला पदर लावून हसत. भाऊ गंभीर.

सर्टिफिकेटची मुदत एक वर्षाची. नवीन हवं असेल तर स्वतः समोर यायचं आणि संपूर्ण नाव आपल्या तोंडानं सांगायचं, हा त्यांचा नियम. टायफॉइडनं फणफणलेल्या मला त्यांनी ऑटोत घालून आणवलं होतं. एकदा अध्यक्षांनी नवा मोबाइल चपराशाच्या हाती पाठवला. भाऊंनी तो तसाच परत धाडला. "अध्यक्ष असान. पन सामोर या, नाव सांगा."

या नियमात सापडल्या त्या सुमनवहिनी. त्यासुद्धा घरी माग चालवायच्या, म्हणजे सर्टिफिकेट त्यांनाही लागे. पहिल्या वर्षी त्या ऑफिसात आल्या तेव्हा भाऊंनी अनोळखी माणसासारखं विचारलं, "नाव?"

"सुमन."

"संपूर्ण सांगा."

संपूर्ण नावात नवऱ्याचं नाव आलं, आणि ते तर वहिनी जन्मात घेणार नव्हत्या. भाऊही त्यांना "अवं, आयकून राहिली का" यापलीकडे कधी हाक मारत नसत. आता दोघंही अडून बसले. शेवटी वहिनींनी डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या,

"कोशाच्या धाग्याची लावली मी रास, मधुकररावाचं नाव घेते सर्टिफिकेटासाठी खास."

सारं ऑफिस हसलं. भाऊंनी मान खाली घालून शर्ट वर केला. तेव्हापासून दरवर्षी वहिनी नवा उखाणा घेऊन यायच्या, आणि त्या दिवशी आम्ही कुणी सुट्टी घेत नसू.

आमच्या ऑफिसात संध्याकाळी पाचला मागच्या खोलीतून टिंग असा आवाज येई. त्या आवाजावर चहावाला आधण ठेवी आणि आम्ही टेबल आवरायला घेत असू. ती ऑफिसची घंटा आहे असंच आम्हाला वाटे. खरी गोष्ट मला कळली ती वहिनी गेल्यावर. दोन महिने अंथरुणाला खिळून त्या गेल्या. तेरवी आटोपून भाऊ कामावर आले, आणि पाचला टिंग वाजलं तसे ते खुर्चीतून अर्धवट उठले आणि परत बसले.

"तिचा मोबाइल हाय," ते म्हणाले. "दिवसभराचं विनकाम पाच वाजता आपोआप धाडते थो. तिची ओळख पटली का टिंग वाजाचं, असं लावून ठेवलं होतं मी. टेस्टिंगसाठी."

इतकी वर्षं टेस्टिंग.

मोबाइल घरी मागाजवळच्या कोनाड्यात चार्जिंगला लावलेला होता. पाठवायला आता काही नव्हतं, तरी तो रोज पाचला सर्व्हरकडे येई, ओळख दाखवी, आणि टिंग वाजे. त्यावर भाऊ घरी जायला उठत. एकट्या माणसाला घरी जायला तेवढं निमित्त पुरत होतं. पण वहिनींच्या सर्टिफिकेटची मुदत या पोळ्यानंतर संपणार होती, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

पोळा झाला. एके दिवशी पाच वाजले आणि टिंग वाजलं नाही. चहावाल्यानं दारातून डोकावून पाहिलं. मी मागच्या खोलीत गेलो. पडद्यावर लाल ओळ आली होती: मुदत संपली, प्रवेश नाही. थोड्या वेळानं तीच ओळ पुन्हा आली. मग पुन्हा.

"येऊन राहिली," भाऊ म्हणाले. "दारात उभी हाय आन् मी अंदर घेऊन नाही राहिलो."

"भाऊ, किल्ली तुमच्याच कमरेले हाय. करून टाका नवीन. कोन विचारते?"

"समोर येऊन संपूर्ण नाव सांगा लागते, नरेश." त्यांचा हात करदोड्यापर्यंत गेला होता, तो त्यांनी मागे घेतला. "माहं नाव कोन घेईन आता?"

मला रडू आलं. ते लपवावंसंही वाटलं नाही.

त्यांना एकटं सोडवेना म्हणून मी घरापर्यंत गेलो. दाराला कुलूप होतं. भाऊ कुलपासमोर उभे राहिले आणि सवयीनं म्हणाले, "मी, मधुकर." थोडं थांबले. मग खिशातून किल्ली काढली.

आत मागावर अर्धवट पातळ तसंच होतं. कोनाड्यातला मोबाइल उजळे, विझे, परत उजळे. भाऊंनी त्याची चार्जिंगची वायर काढली, पदराची कड पुसावी तसा अंगठ्यानं काच पुसली आणि बंद करायचं बटण दाबून धरलं.

"बस झालं, सुमन," ते म्हणाले. "किती खेपा घालशीन."

त्यांच्या तोंडून वहिनींचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.