हवापालटाला गेलेल्या वेली

अल्माटी शहर सोडून इसिक गावाला राहायला जायचं, हे कुआनिशनं घरात जाहीर केलं नाही, समजावून दिलं. मिक्सर, इस्त्री, धुलाईयंत्र यांच्याबरोबर खोक्यात येणाऱ्या सूचनापुस्तिका लिहिणं हा त्याचा व्यवसाय होता. त्यामुळे कुठलीही गोष्ट मुद्देसूद समजावून सांगायची त्याला सवय होती, आणि दुसऱ्याच्या सूचना न ऐकण्याचीही.

"तासाभराचा रस्ता," तो बायकोला म्हणाला. "मागे डोंगर, पुढे स्वतःचं अंगण आणि अंगणात चाळीस द्राक्षवेली. दोन वर्षांत घरची वाइन. बाटलीवर आपलं नाव."

"तुझं नाव," झाउरे म्हणाली.

"आपलं."

"कुआनिश, गॅलरीतल्या डब्यात तुला शेपू जगवता आला नव्हता."

"गॅलरी उत्तरेला होती."

झाउरे दातांची डॉक्टर होती. समोरच्यानं तोंड उघडलं की आत किती किडलंय ते तिला लगेच दिसायचं, पण सगळंच एका बैठकीत उपटायचं नसतं हेही तिला ठाऊक होतं. तिनं एकच अट घातली. अल्माटीतला फ्लॅट विकायचा नाही, कुलूप लावून ठेवायचा आणि त्याची किल्ली नव्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगायची. वसंतात नौरीझच्या सणाला तिचे वडील येतील, घर बघतील, त्या चाळीस वेली बघतील. त्यांनी आशीर्वाद दिला तर राहायचं. नाही दिला तर किल्ली खिळ्यावरून काढायची.

अट ऐकायला सोपी होती. पण झाउरेचे वडील, सेइतकाली, लिफ्टचे निवृत्त तपासनीस होते. अल्माटीतल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्ट त्यांच्या सहीनं चालत होत्या आणि उरलेल्या त्यांच्या सहीवाचून बंद होत्या. डोळ्यांनी पाहून, हातानं हलवून खात्री केल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही मंजूर केलं नव्हतं. कुआनिशला जावई म्हणून पसंत करतानाही त्यांचा सूर, दुरुस्ती होईपर्यंत जपून वापरा, असाच होता.

घराचा व्यवहार जानेवारीत झाला. अंगणात गुडघाभर बर्फ होता आणि त्यातून खांबांच्या रांगा आणि त्यांच्यावर ताणलेल्या तारा तेवढ्या दिसत होत्या. घराची मालकीण एमा फ्योदोरोव्ना लेकीकडे कारागांडाला निघाली होती. "आता वेलींचं सांगते हं," ती म्हणाली, "त्यांचं काय असतं–"

"मला कल्पना आहे," कुआनिश म्हणाला. "मी वाचलंय."

"वाचलंय का? मग प्रश्नच नाही. एप्रिलपर्यंत हात लावू नका म्हणजे झालं." आणि ती मांजराची पिशवी घेऊन टॅक्सीत बसली.

मार्चच्या सुरुवातीला बर्फ वितळला. कुआनिश चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात गेला आणि कप हातातच गार झाला. खांब होते. तारा होत्या. प्रत्येक तारेखाली मातीचा लांबच लांब ढिगारा होता. वेल एकही नव्हती.

त्यानं न्हाणीघराच्या मागे पाहिलं. कोळशाच्या खोलीत पाहिलं. मग ढिगाऱ्यांकडे नीट पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं, की वेली मुळासकट उपटून नेल्या आहेत आणि चोरांनी जाताना माती पुन्हा सारखी करून ठेवली आहे. चोर नीटनेटके होते.

एमा फ्योदोरोव्नाला फोन करता आला असता, पण "मी वाचलंय" हे वाक्य आडवं येत होतं. पोलिसांत गेलं तर झाउरेला कळणार. दुसऱ्या दिवशी कामासाठी अल्माटीला जाताना त्यानं बसच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. गावाबाहेर द्राक्षांचे मळे होते, निदान असायला हवे होते. क्षितिजापर्यंत नुसते खांब, तारा आणि ढिगारे. म्हणजे टोळी मोठी होती. एवढं मोठं प्रकरण आणि वर्तमानपत्रांत चकार शब्द नाही, त्या अर्थी वरपर्यंत हात पोचलेले असणार. त्याला उगाच थोडं बरं वाटलं. एकट्याचं नुकसान आणि सगळ्या तालुक्याचं नुकसान यांत फरक असतो.

झाउरेनं त्या संध्याकाळीच विचारलं. खिडकीशी उभी राहून ती अंगणाकडे बघत होती.

"वेली कुठायत रे?"

"थंडीत इथे ठेवत नाहीत," कुआनिश म्हणाला. "नेतात."

"कुठे?"

"उबदार जागी. हवापालटाला म्हण हवं तर."

"चाळीसच्या चाळीस?"

"एकेकटीला करमत नाही."

झाउरेनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. रोग्याला आणखी थोडं तोंड उघडायला सांगताना ती अशीच बघायची. "आणि परत कधी येतात?"

"नौरीझच्या सुमाराला."

"बाबा यायच्या आत?"

"अर्थात."

"बरं," ती म्हणाली आणि त्याच्या चहात दूध घातलं.

ती गावातल्या दवाखान्यात अर्धा दिवस जाऊ लागली होती. घरात बसून कंटाळा येतो म्हणून, असं तिचं म्हणणं. कुआनिश मात्र दिवसभर घरात बसून इस्त्रीच्या पुस्तिकेत "वापरापूर्वी सर्व भाग जागेवर आहेत याची खात्री करा" असं लिहायचा आणि सुस्कारा टाकायचा.

सण दोन दिवसांवर आला तेव्हा त्याला उपाय सुचला. गावाच्या वळणावर शिगेवरच्या मटणाची टपरी होती आणि टपरीवाला विस्तवाला द्राक्षाच्या वाळक्या काड्या वापरायचा. मटणाला वास चांगला लागतो म्हणून त्याच्याकडे काड्यांचा मोठा ढीग पडलेला असे. मळ्यातून छाटणीनंतर फेकलेल्या, चांगल्या हातभर लांब, वेड्यावाकड्या.

"काड्या हव्यात," कुआनिश म्हणाला. "पण मी निवडून घेणार."

"मटण किती आहे?"

"मटण नाही."

"मग काड्या कशाला?"

"लावायला."

टपरीवाल्यानं हातातला पंखा थांबवला. "त्या मेल्यात, साहेब."

"चालतील."

झाउरे दवाखान्यात गेल्यावर कुआनिशनं चाळीस काड्या ढिगाऱ्यांवर टेकवल्या आणि तारांना बांधल्या. सुतळी सापडेना म्हणून झाउरेच्या विणकामाच्या टोपलीतली लाल लोकर घेतली. मग लांब जाऊन, डोळे किलकिले करून पाहिलं. द्राक्षबाग दिसत होती. सासऱ्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. त्यांना डाव्या अंगानं आणायचं, एवढंच सांभाळायला हवं होतं.

"काय शेजारी, एवढ्या लवकर?"

आवाज आकाशातून आला. शेजारचा अब्लिमित सफरचंदाच्या झाडावर चढून फांद्या छाटत होता. एरवी दोन्ही अंगणांच्या मध्ये पुरुषभर उंचीचं लोखंडी कुंपण होतं, पण झाडावरून त्याला सगळं दिसत होतं.

"उगाच थांबायचं कशाला, अका," थोरल्या भावाला हाक मारावी तसं कुआनिश लोकर पाठीमागे लपवत म्हणाला.

"थंडी आहे अजून."

"मला सोसते."

"तुम्हाला सोसते हो," अब्लिमित म्हणाला आणि बराच वेळ त्या काड्यांकडे बघत राहिला.

नौरीझच्या दिवशी सेइतकाली दुपारीच आले. अंगावर निवृत्तीच्या वेळी मिळालेला, सोनेरी वेलबुट्टीचा मखमली अंगरखा होता. तो ते फक्त सणाला घालायचे आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट घालायचे. त्यांनी घराची दारं उघडून मिटून पाहिली. जिन्याच्या कठड्याला धक्का दिला. मग खिडकीपाशी येऊन थांबले.

"त्याच का त्या?"

"त्याच, अता," वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं कुआनिश आदरानं म्हणाला.

"बारीक दिसतात."

"कोवळ्या आहेत."

"कोवळ्या? मग वाळक्या का दिसतात? मी जरा जवळून–"

"आधी सूप घ्या, अता. सणाचं आहे." कुआनिशनं त्यांच्यापुढे वाडगं ठेवलं. ते संपलं तेव्हा दुसरं ठेवलं. दुसरं संपत आलं तेव्हा तिसरं भरायला तो स्वयंपाकघरात धावला. दही, मांस, गहू घातलेलं ते दाट सूप होतं. तीन वाडग्यांनंतर कुठलाही तपासनीस जागचा उठणार नाही, असा त्याचा हिशेब होता. सासरे खुर्चीत मागे रेलले, बाहेर ऊन कलायला लागलं, आणि आता अंधार पडला की सुटलो असं कुआनिश मनात म्हणतोय तोच फाटक वाजलं.

फाटकात अब्लिमित होता. त्याच्या खांद्यावर चार गोधड्या होत्या. मागे त्याची बायको पातिगुल, तिच्या डोक्यावर त्यांच्या लग्नातल्या रेशमी रजया. तिच्या मागे अख्खी गल्ली. कुणाकडे घोंगडी, कुणाकडे गालिचा, एकाच्या हातात नुसताच पडदा, आणि एक आजोबा पेंढ्याचा भारा ओढत येत होते.

"आभाळ मोकळं झालंय," अब्लिमित म्हणाला. "आज पाणी गोठणार. मी ग्रुपवर टाकलं सगळ्यांना. तुमच्या वेली अशा उघड्या राहिल्या तर सकाळपर्यंत खलास."

"कशाला तसदी, अका–"

"तसदी कसली. उद्या आमच्यावर वेळ आली तर तुम्ही याल की."

कुआनिशला बाजूला सारून गल्ली अंगणात शिरली. थंडी अडवायला पेटवलेल्या ओल्या पेंढ्याचा धूर निघायला लागला. बायका काड्यांभोवती गोधड्या गुंडाळत होत्या, हळू हातानं, आजाऱ्याला गुंडाळावं तशा. "अगं, हिचं टोक उघडं राहिलंय." "ही बघ किती गारठलीय बिचारी." कुआनिश एका रांगेतून दुसऱ्या रांगेत धावत होता आणि "राहू द्या, राहू द्या" म्हणत होता. लोकांना वाटलं, संकोची माणूस आहे.

काठी टेकत सेइतकाली बाहेर आले. उजव्या अंगानं आले.

"हे कोण सगळे?"

"शेजारी, अता."

"तुझं काही देणं लागतात?"

"नाही."

"तुझे कोणी लागतात?"

"नाही. मला सगळ्यांची नावंही माहीत नाहीत."

पातिगुल आपली लग्नातली रजई मातीत पसरत होती, तिकडे सेइतकाली बघत राहिले. "गेल्या हिवाळ्यात मी आमच्याच लिफ्टमध्ये अडकलो होतो," ते शेवटी म्हणाले. "आतून दार वाजवत होतो. लोकांनी ऐकलं. आणि जिन्यानं गेले."

मग त्यांनी काठी कुआनिशच्या हातात दिली आणि मखमली अंगरख्याची बटणं काढायला लागले.

"अता, तो नको. अता, तुम्हाला थंडी वाजेल."

"तू मला शिकवू नकोस." त्यांनी अंगरखा दोन्ही हातांनी उचलला आणि सगळ्यात बारीक दिसणाऱ्या वेलीवर मायेनं घातला.

अंगरखा भारी होता. त्याच्या ओझ्यानं तारेवरची लोकर सुटली, काडी आडवी झाली आणि अंगरखा मातीत पडला.

सेइतकाली वाकले. त्यांनी काडी उचलली, दोन्ही टोकं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. चांगल्या डोळ्याजवळ.

"मूळ नाही," ते म्हणाले. "आणि हा काय दोरा?"

"लोकर," दारातून झाउरे म्हणाली. "माझ्या स्वेटरची."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. कुआनिश जवळच्या ढिगाऱ्यावर चढून उभा राहिला, म्हणजे सगळ्यांना एकदाच ऐकू जाईल. "वेली चोरीला गेल्या," तो म्हणाला. "बर्फ वितळला तेव्हाच कळलं. माझी एकट्याची गोष्ट नाही ही, बाहेरचे सगळे मळे साफ केलेत. तुमच्याही गेल्या असतील, अका, तुम्ही मनाला लावून न घेता दिवस काढताय एवढंच. मला नाही जमलं."

अब्लिमितनं एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे.

"शेजारी," तो हळूच म्हणाला, "तुम्ही उभे कशावर आहात?"

कुआनिशनं खाली पाहिलं.

अब्लिमितनं बुटाच्या टोकानं माती बाजूला सारली. वीतभर खाली, माणसाच्या दंडाएवढं जाड, तपकिरी, वळलेलं खोड आडवं पसरलेलं होतं. "पाय काढा जरा. तिच्या अंगावर आहात तुम्ही."

कुआनिशनं पाय काढला.

"इथल्या थंडीत उघडी वेल जगत नाही. पानगळ झाली की आम्ही त्यांना आडवं करून मातीखाली निजवतो आणि एप्रिलात उठवतो. मला वाटलं तुम्ही लवकर उठवल्यात."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. पण लोक शांतपणे, फार सभ्यपणे आपापल्या गोधड्यांच्या घड्या घालायला लागले. पातिगुलनं मात्र रजईत तोंड खुपसलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. कुआनिशच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातला खिळा उभा राहिला. अल्माटीतला सहावा मजला आणि उत्तरेची गॅलरीही.

सेइतकाली अजून वाकून त्या खोडाकडे बघत होते.

"म्हणजे," त्यांनी अब्लिमितला विचारलं, "थंडीत या खाली जातात."

"हो, अता."

"आणि वसंतात वर येतात."

"येतात."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

"मध्येच अडकत नाहीत?"

"आमच्या तरी कधी अडकल्या नाहीत."

सेइतकालींनी मान हलवली. ही यंत्रणा त्यांना समजली होती; कुआनिशबद्दल तसं त्यांना आजवर कधी म्हणता आलं नव्हतं. ते सरळ उभे राहिले आणि आशीर्वाद देताना उघडतात तसे त्यांनी दोन्ही तळवे छातीसमोर उघडले. गल्लीतल्या लोकांनी गोधड्या काखेत मारून आपापले तळवे उघडले.

"खाली गेलेलं वेळेवर वर येवो," सेइतकाली म्हणाले. "या घराला असेच शेजारी मिळोत. आणि या घरात जेवढी माणसं मावतात, त्याहून दोन जास्त येवोत."

आयुष्यभर त्यांनी लिफ्टमध्ये बरोबर याच्या उलट पाट्या लावल्या होत्या.

त्या दोन जास्त माणसांऐवजी त्या संध्याकाळी पूर्ण गल्लीच आत आली. सूप पुरलं, कारण सासऱ्यांच्या चौथ्या, पाचव्या, दहाव्या वाडग्याचीही सोय करून ठेवलेली होती. कुआनिश भांडी आणायला स्वयंपाकघरात गेला तर झाउरे तिथे पाव कापत होती. त्यानं खिळ्याकडे पाहिलं. खिळा रिकामा होता.

"किल्ली?"

"बाबांना दिली. म्हटलं फ्लॅटला भाडेकरू बघा."

"आत्ता?"

"दुपारीच. तू तिसरं वाडगं भरायला आत आला होतास तेव्हा."

"पण त्यांनी आशीर्वाद दिला नसता तर?"

"तर आशीर्वादावाचून राहिलो असतो. दवाखान्यात मला पूर्ण दिवस बोलावलंय. इथली माणसं तोंड उघडल्यावरही बोलत राहतात, मला आवडतं ते."

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. "तुला माहीत होतं. वेलींचं."

"पातिगुलची दाढ भरताना कळलं. पहिल्याच आठवड्यात."

"मग बोलली का नाहीस?"

"तू म्हणालास हवापालटाला गेल्यात." झाउरेनं पावाची थाळी त्याच्या हातात दिली. "मला बघायचं होतं, परत कशा आणतोस."

एप्रिलमध्ये गल्ली फावडी घेऊन आली आणि वेली उठवल्या गेल्या. चाळीसच्या चाळीस होत्या. ज्या एकीवर उभं राहून कुआनिशनं भाषण केलं होतं ती थोडी तिरकी झाली होती, पण द्राक्षं तिलाही आली.

आणि मग पानगळ संपता संपता, एका सकाळी, गल्लीच्या ग्रुपवर अब्लिमितचा निरोप आला: "शनिवारी सगळ्यांच्या वेली हवापालटाला पाठवायच्या आहेत. फावडं ज्याचं त्यानं आणावं. लाल लोकर कुआनिशकडे मिळेल."