खाडीला दाखवलेली गाडी

"आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही," बाळासाहेब टिपणीस म्हणाले आणि त्यांनी मांडीवरची उशी सारखी केली. "आणि बसलाच, तर मी तुम्हाला शहाणं म्हणणार नाही."

सत्त्याण्णव सालचे गणपती. आरती नुकतीच झालेली, कापराचा वास अजून हॉलभर. डोंबिवलीतल्या टिपणिसांच्या घरी दर वर्षी आरतीनंतर ही गोष्ट व्हायची आणि दर वर्षी ती वीतभर वाढायची. समोर शेजारचे विश्राम चौबळ आणि त्यांच्या सुमतीवहिनी. मखराशेजारच्या खुर्चीत जावई रघुनाथ, तोंडासमोर वर्तमानपत्र धरून. तो बँकेत होता आणि बँकेतल्यासारखाच घरात वागायचा, विचारल्याशिवाय बोलायचा नाही. स्वयंपाकघरात सरोजबाई वालाचं बिरडं ढवळत होत्या. आणि खाली सोसायटीच्या आवारात, निळ्या ताडपत्रीखाली, गोष्टीची नायिका उभी होती.

बाळासाहेबांची एक रीत होती. शेवटी थाप मारायची असेल, तर आधी स्वतःच्या चार फजित्या अगदी खऱ्याखुऱ्या सांगायच्या. माणूस स्वतःला गाढव म्हणवून घेतोय म्हटल्यावर लोक त्याच्या घोडदौडीवरही विश्वास ठेवतात.

तर ही गाडी त्यांना माजिवड्याला एका तबेल्यात भेटली. कोण्या हौशी साहेबानं ती फार पूर्वी बोटीनं मागवलेली. खोक्यांतून सुटे भाग यायचे आणि घरी बसून जोडायचे, असली गाडी. वरचं सगळं अंग फायबरग्लासचं. साहेब गेला, गाडी राहिली, आणि तबेलेवाल्यानं तिचा टप उलटा टाकून त्यात म्हशींना पेंड घालायला सुरुवात केली. बाळासाहेबांनी ते पाहिलं आणि त्यांचा जीव गलबलला. तबेलेवाल्याला त्यांनी स्वतःच्या हातानं सिमेंटची गव्हाण बांधून दिली आणि बदल्यात गाडी घेतली.

"गव्हाण दुसऱ्या दिवशी पडली," ते म्हणायचे. "पण तोवर आमचा टेम्पो टेंभी नाक्यावर पोचलेला. नवरात्र होतं. गर्दीत टेम्पो अडकला आणि मागे पांढरंशुभ्र काहीतरी दिसतंय म्हटल्यावर बायांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. एका आजीनं नारळ ठेवला. मी म्हटलं, राहू दे, निदान कोणीतरी हिच्या पाया पडतंय."

डोंबिवलीत कोणी पाया पडलं नाही. गाडीला तडे इतके की उन्हात उभी केली की आत नक्षी पडायची. बाळासाहेबांनी जुने थर घासायला घेतले. फायबर घासलं की काचेची बारीक धूळ उडते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती वाऱ्यानं वर गेली आणि चारी मजल्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसली. मग आठवडाभर अख्खी बिल्डिंग खाजवत होती. सोसायटीनं गाडीविरुद्ध ठराव मांडला, पण तो पास होईना. हात वर करा म्हटलं की सगळ्यांचे हात पाठीमागे!

"माझी पाठ अजून आठवण काढते," चौबळ म्हणाले.

"अरे, तुझी पाठ म्हणजे काहीच नाही. खरा घोळ पुढेच आहे."

खरा घोळ कढईचा. गाडीचा उजवा दिवा जिथे बसतो ती खोबणी पार फुटलेली होती. नवी करायची तर गोल साचा हवा. बाळासाहेबांनी घरभर नजर फिरवली आणि ती सरोजबाईंच्या पितळी कढईवर थांबली. दोन कानांची, बेताची, जणू दिव्यासाठीच घडवलेली. लग्नात मामांनी दिलेली, आणि काठावर नाव घातलेलं : 'चि. सौ. सरोजला मामांकडून सप्रेम भेट.' बाळासाहेबांनी ती खोबणीत बसवली, बाहेरून फायबरचे तुकडे लावले, वर राळ ओतली. राळ लवकर सुकावी म्हणून हार्डनर जरा सढळ हातानं घातला. चहात साखर घालतो तसा, अंदाजानं. राळेतून धूर निघाला. धूर ओसरला तेव्हा सगळं दगडासारखं घट्ट झालं होतं.

साचा सुटून यावा म्हणून त्याला आधी मेण लावायचं असतं, हे त्यांना मग आठवलं.

कढई निघाली नाही. हातोड्यानं नाही, गरम पाण्यानं नाही, देवाचं नाव घेऊन नाही आणि न घेता तर नाहीच. शेवटी बाळासाहेबांनी तिच्यातच दिवा बसवून टाकला. सरोजबाई संध्याकाळी भाजी घेऊन आल्या, तर गाडीच्या उजव्या डोळ्याभोवती त्यांचं नाव चमकत होतं आणि कढईचा एक कान बाहेर डोकावत होता.

त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "माझं नाव घातलंत गाडीला? बरं झालं. आता माझंही ऐका. आपल्या हेमाच्या लग्नात नवऱ्या मुलाला या गाडीत बसवून, तुम्ही स्वतः चालवत, वेळेवर कार्यालयाच्या दारात आणलंत, तर ही गाडी इथे राहील. मी जन्मभर एक शब्द बोलणार नाही. नाहीतर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईल आणि तिच्यात मी तुम्हालाही बसवीन."

"स्वतः चालवत," स्वयंपाकघरातून सरोजबाईंचा आवाज आला. "ते नीट सांगा."

"सांगितलं की!" बाळासाहेब ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बघा, अजून ध्यानात आहे."

लग्न तोंडावर आलं आणि तडे तसेच. तेव्हा त्यांना कोणीतरी गोमाजी नाखवाचं नाव सांगितलं. गोमाजी मोठागावच्या बंदरावर राहायचा. लाकडाची होडी मोडून त्यानं नुकतीच फायबरची घेतली होती आणि खाडीकाठच्या सगळ्यांच्या होड्या तोच जोडून द्यायचा. तो आला, गाडीभोवती फिरला, खाली वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"सायेब, ही गाडी नाय. ही चालनी हाय."

"बुजवशील का?"

"गोमाजीच्या हातचं बुजवलेलं उद्या तुज्या नातवाला पन उघडाचं नाय."

आणि त्यानं बुजवलं. तडे बुजवले, भेगा बुजवल्या, आणि हात चाललाच आहे म्हणून दारांच्या खाली असलेली बारीक बारीक भोकंही बुजवली. दारांच्या फटींना आतून रबर चिकटवलं. बाळासाहेब घाबरले.

"अरे नाखवा, ती भोकं होती! पाणी बाहेर जायला ठेवलेली!"

"पानी आत येनारच नाय, तर जाल कशाला?"

गोमाजीनं कामाचं काही घेतलं नाही. एकच अट घातली. नवी होडी खाडीला दाखवल्याशिवाय तिच्यात माणूस बसवत नाहीत. पुढची बाजू पाण्याला लावायची, नारळ फोडायचा, मग कुठे जायचं तिथे जायचं.

"पण नाखवा, ही गाडी आहे."

"तुला गाडी. मी बुजवली तवा होडीच."

इंजिन काही केल्या सुरू होईना. ते सुरू झालं ते थेट लग्नाच्या दिवशी सकाळी, बाळासाहेब सोवळं नेसून त्याला शेवटची लाथ मारायला गेले तेव्हा. आता खाडीला दाखवायला वेळ कुठला? ते तडक ठाकुर्लीला गेले. तिथे रघुनाथच्या आत्याच्या घरी वरपक्ष उतरला होता. फेटा बांधून, मुंडावळ्या लावून नवरदेव तयार होता. त्याला मागच्या सीटवर बसवलं आणि बाळासाहेब निघाले. निघाले, पण निम्म्या वाटेवर मन खायला लागलं. घरचं पहिलं कार्य, आणि गोमाजीचा शब्द मोडायचा? उद्या काही झालं तर? मुहूर्ताला अजून अवकाश होता. त्यांनी गाडी बंदराकडे वळवली.

भरतीची वेळ होती. खाडी धक्क्याच्या उतारावर निम्म्यापर्यंत चढलेली. गोमाजी आपल्या होडीत बसून जाळं सोडवत होता. गाडी बघून त्यानं हात केला. बाळासाहेबांनी गाडी उतारावर घेतली, पुढची दोन चाकं हलकेच पाण्याला लावली, हँडब्रेक ओढला आणि नारळ घेऊन खाली उतरले. दार लावायला विसरले नाहीत. रबर नवं होतं ना!

"हँडब्रेक कसला लावलेला?" चौबळांनी विचारलं. ते हा प्रश्न दर वर्षी विचारायचे.

"कपडे वाळत घालायच्या तारेचा," बाळासाहेब नम्रपणे म्हणाले. "मीच केलेला. म्हणूनच तर तुटला."

तार तुटल्याचा आवाज झाला, टिंग. शेवाळावरून गाडी अशी सरकली, जशी नवी नवरी माप ओलांडून घरात शिरते. पाणी चाकांवर आलं, दारांवर आलं, आणि मग गाडीनं मागचा भाग जरा उचलला आणि ती तरंगायला लागली.

"खोटं!" सुमतीवहिनी म्हणाल्या.

"वहिनी, गोमाजीनं एक भोक सोडलं नव्हतं! अंग फायबरचं, हलकं फूल. इंजिन होतं म्हणून नाक जरा खाली, एवढंच." बाळासाहेब उशी टाकून पुढे सरकले. इथून गोष्टीचं सुकाणू त्यांच्या हाती यायचं. "मी काय केलं? नारळ टाकला, धावलो आणि खिडकीतून आत उडी मारली!"

"या पोटासकट?"

"तेव्हा पोट नव्हतं."

"होतं," स्वयंपाकघरातून आवाज आला.

"होतं, पण कामाचं होतं. स्टिअरिंग हातात घेतलं, गिअर टाकला. मागची चाकं पाण्यात गरगरायला लागली, अगदी आगबोटीच्या पंख्यासारखी! पुढची चाकं वळवली की गाडी वळायची. सुकाणूच ते. मी म्हटलं, बाळ, आज मुलीचा बाप आहेस, आता कच खायची नाही. समोरून रेतीची बोट येत होती."

"मग हॉर्न वाजवलास?"

"वाजवला! त्यांनी बाजू दिली, उजवीकडून. गोमाजी आपल्या होडीत उभा राहून सलाम ठोकत होता. मी खाडीला एक वळसा घातला, गाडी परत धक्क्याला लावली, आणि तशीच वर घेतली ती कार्यालयाच्या दारात. वेळेवर! सरोजनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं मला स्टिअरिंगवर. गाडीत थेंब नव्हता पाण्याचा."

"आणि रघुनाथराव?" सुमतीवहिनींनी डोळे पुसत विचारलं. "ते काय करत होते इतका वेळ?"

आजवर या प्रश्नाला बाळासाहेबांचं उत्तर ठरलेलं होतं : 'बसले होते बिचारे शांत.' पण यंदा गोष्ट रंगली होती, मोदक छान झाले होते, आणि वीतभर वाढीची जागा अजून रिकामी होती.

"रघुनाथराव?" ते म्हणाले. "मागच्या सीटखाली! फेट्याचं टोक तोंडात कोंबून 'आई गं, आई गं' चाललेलं. माझा एक हात स्टिअरिंगवर, एक हात मागे, यांच्या पाठीवर थोपटतोय. ओ ओ, रडायचं नाही, अक्षता पडायच्यात अजून!"

सगळे खदाखदा हसले. प्रसादाची ताटली घेऊन आलेली हेमा इतकी हसली, की तिला ताटली टेकवून बसावं लागलं.

मखराशेजारचं वर्तमानपत्र खाली आलं. रघुनाथनं त्याची नीट घडी घातली.

"बाबा," तो म्हणाला, "गाडी तरंगली, हे खरं आहे."

"बघा!" बाळासाहेब म्हणाले. "साक्षीदार बोलला!"

"हॉर्नचं खोटं, कारण हॉर्न तुम्ही बसवलाच नव्हता. पण तरंगली, अगदी तुम्ही सांगता तशी. फक्त सीटखाली मी नव्हतो. मी मागून पुढे आलो आणि खिडकीतून बाहेर वाकलो. गोमाजीनं दोर फेकला, तो मी दिव्यापाशी आईंच्या कढईच्या कानाला बांधला. त्या कानानं गाडीला ओढून काठाला आणलं."

"रघुनाथराव, घ्या ना, मोदक घ्या," बाळासाहेब घाईघाईनं म्हणाले.

"इंजिन पुसून सुरू केलं ते गोमाजीनं. कार्यालयाच्या अलीकडच्या वळणापर्यंत गाडी मी चालवली. मुंडावळ्या सारख्या डोळ्यांवर येत होत्या. वळणावर तुम्ही रिक्षातून उतरलात, मला मागे बसवलंत आणि म्हणालात, 'सासऱ्याची लाज तुमच्या हातात.' म्हणून नऊ वर्षं गप्प होतो."

स्वयंपाकघरातला ढवळण्याचा आवाज थांबला. हातात पळी घेऊन सरोजबाई दारात आल्या. खाली आवारात वाऱ्यानं ताडपत्री फडफडली. बाळासाहेबांच्या हातात प्रसादाचं खोबरं होतं, ते तसंच राहिलं.

"गाडी खाडीत, तुम्ही गाडीत," सरोजबाईंनी जावयाला सावकाश विचारलं. "मग हे कुठे होते?"

"हे ना?" रघुनाथ म्हणाला. "हे धक्क्यावर, हातात नारळ घेऊन. आणि मला ओरडून सांगत होते, 'रघुनाथराव, ब्रेक दाबा! ब्रेक दाबा!'"