सवच्या कुंडातला विश्वास

गंधकाचा वास.

उलटा घातलेला शर्ट.

उकडलेल्या चिंबोरीच्या रंगाचा एक गणिताचा मास्तर.

"मुलांवर विश्वास टाका!" महाडच्या आमच्या शाळेत प्रत्येक पालकसभेत हे मीच सांगतो. टाळ्या पडतात!

म्हणून अकरावीतली माझी लेक श्रिया म्हणाली, "समीक्षाच्या आजीचे गुडघे धरलेत, तिला सव गावच्या गरम कुंडावर नेतोय," तेव्हा मी लगेच मान डोलावली. ती गेली आणि डोक्यात किडा वळवळला. रविवारी? मैत्रिणीच्या आजीचे गुडघे? सोळाव्या वर्षी?

मी रावजीची रिक्षा पकडली.

"त्या पुढच्या रिक्षामागे! पण लांबून."

"मास्तर, तिच्यात तुमचीच श्रिया हाय ना?"

"तू रस्त्याकडे बघ!"

कुंडावर कपडे घालून नुसता उभा राहणारा माणूस लगेच डोळ्यांवर येतो. म्हणून मी डोक्यावर टॉवेल ओढला आणि पुरुषांच्या कुंडात उतरलो. आई गं! पाणी कसलं, चहाचं आधण! मध्ये भिंत, पलीकडे बायकांचं कुंड. तिकडून श्रियाचा आवाज आला.

"लाजू नकोस. मी घट्ट धरलंय. कुणी बघत नाही!"

माझं रक्त कुंडातल्या पाण्यापेक्षा जास्त उकळलं.

"श्रिया! कुणाला धरलंयस?" मी टाचा उंचावून गरजलो.

पलीकडून एक खणखणीत आवाज, "मला, आवडीला! तू कोण रे मेल्या, बायकांत वाकून बघणारा?"

शपथेवर सांगतो, भिंतीवरून फक्त माझा टॉवेल दिसत होता! पण मी शर्ट अंगात घालेपर्यंत ओल्या लुगड्यांतल्या बायकांनी, हातात तांबे घेऊन मला घेरलं.

"पोलिसांना फोन लावा!"

समीक्षाच्या या आवडी आजीनं श्रियाला पुढं ओढलं. "तुझं नाव घेत व्हता गो. वळखतेस याला?"

श्रियानं माझ्याकडे पाहिलं. ती 'नाही' म्हणाली असती, तर माझी रवानगी थेट पोलीस चौकीत होती.

"माझे बाबा आहेत," ती म्हणाली. "सोडा त्यांना. मी जबाबदारी घेते."

परतताना मागच्या सीटवर आजी, समीक्षा आणि श्रिया. मला पुढं रावजीला चिकटून बसवलं होतं. तो गालात हसत होता.

"बाबा, यापुढे कुठं जाताय, कुणाबरोबर, कधी येणार, सगळं सांगून जायचं."

"हो."

"आणि शर्ट उलटा आहे."

सकाळी निघताना तिनं विचारलं होतं, "बाबा, तुम्हीपण चला ना आमच्याबरोबर?" मी म्हणालो होतो, "मी कशाला? माझा विश्वास आहे."